पितळी माणसं एकदाची रीतसर घरी आली (युरेकाच्या कुंगफू सेटबद्दल)

आमच्या घरी या सिनेमाला नावच नव्हतं. बाबा म्हणायचे 'तो पितळेच्या माणसांचा' आणि सगळ्यांना कळायचं. नव्वदच्या दशकात डोंबिवलीत आमचा केबलवाला रात्री अकरा वाजले की स्वतःच्या चॅनेलवर मनाला येईल ते लावायचा, त्यात एकदा हा लागला. मुंडण केलेला एक पोरगा अंधाऱ्या बोळातनं चाललाय आणि दोन्ही बाजूंनी सोनेरी रंग फासलेली माणसं त्याच्या अंगावर येतायत, काहींनी तर पत्र्याचे डबे घातल्यासारखं चिलखत, हात हलला की खण्ण. मी तिसरी-चौथीत असेन. त्या रात्री शेवट बघायचा राहिला कारण लाइट गेली, आणि मग पुढची वीसेक वर्षं मी आणि बाबा अधूनमधून एकमेकांना विचारायचो, काय झालं असेल गं त्या पोराचं.

तर ही पोस्ट त्या सिनेमाची कायदेशीर डिस्क मिळाली त्याबद्दल आहे, म्हणजे रिव्ह्यू इंग्लंडच्या युरेका कंपनीने काढलेल्या सेटचाच आहे पण त्याआधी मी किती गंडले तेही सांगते, कारण ज्यांना असले कोपऱ्यातले सिनेमे हवे असतात ते सगळे याच खड्ड्यांतनं जातात.

नाव सापडलं ते 'द एटीन ब्रॉन्झमेन', १९७६, तैवान, दिग्दर्शक जोसेफ कुओ. (ब्रॉन्झ म्हणजे कासं, पितळ नव्हे, हे बाबांना सांगितलं, ते म्हणाले पितळीच राहू दे.) नाव मिळाल्यावर वाटलं झालं काम. कसलं काय, या जातीच्या सिनेमांची पहिली भानगडच नावाची असते. एकच सिनेमा हाँगकाँगात एका नावाने, इंग्लंडात दुसऱ्या, अमेरिकेत तिसऱ्या. शॉ ब्रदर्सचा 'किंग बॉक्सर' अमेरिकेत 'फाइव्ह फिंगर्स ऑफ डेथ' म्हणून गेला, 'हीरोज ऑफ द ईस्ट'चा 'शाओलिन चॅलेंजेस निंजा' झाला. आणि ही तर मोठ्या स्टुडिओची उदाहरणं, छोट्या निर्मात्यांच्या सिनेमांना प्रत्येक व्हिडिओ कंपनीने आपापलं बारसं केलंय. त्यामुळे तुम्ही दोन वेगळे सिनेमे समजून दोन डिस्क घेता आणि घरी येऊन बघता तर तोच तो बोळ, तोच पोरगा.

माझी पहिली कॉपी फूटपाथवरची व्हीसीडी. दोन डिस्क, कारण व्हीसीडीत सव्वा तासाच्या आसपासच मावतं. दुसऱ्या डिस्कवर दुसराच सिनेमा निघाला, त्यात बायका तलवारी घेऊन झाडावर उड्या मारत होत्या. बाबांनी तोही पूर्ण बघितला म्हणा.

दुसरी कॉपी डीव्हीडी, एका पाकिटात दहा सिनेमे. चित्र चौकोनी. आता हे सिनेमे सगळे स्कोपमध्ये काढलेले, २.३५:१, लांबलचक पडदा, आणि जुन्या टीव्हीसाठी ते कापून ४:३ केले की हिशोब करून बघा, चाळीस टक्क्यांच्या वर चित्र उडालं. मारामारीच्या सिनेमात हे फार वाईट, कारण मारणारा डावीकडे असतो आणि मार खाणारा उजवीकडे, आणि तुम्हाला दिसतं मधलं झाड. कोणाचा तरी हात आत येतो, कोणीतरी कण्हतं, संपलं. वर सबटायटल फिल्मवरच छापलेली, तीही दोन्ही टोकांना कापलेली, म्हणजे 'तुझ्या बापाला मा' एवढं वाचायचं आणि पुढचं आपण समजून घ्यायचं.

तिसऱ्या वेळी मी शहाणी झाले होते असं मला वाटत होतं. ऑनलाइन एका विक्रेत्याकडे (नाव घेत नाही, आता दुकान दिसतही नाही) सुंदर कव्हर, 'डिजिटली रीमास्टर्ड', 'ऑल रीजन', किंमतही चांगली सणसणीत, त्यामुळे अस्सल असणार असं वाटलं. बघा ना, महाग आहे म्हणजे खरं आहे हा आपला हिशोब किती भाबडा असतो. डिस्क उलटी केली तर खालची बाजू जांभळट. घरच्या कॉम्प्युटरवर बर्न केलेली. आठ महिन्यांनी चालायचीच बंद झाली.

त्यानंतर मात्र मी जरा अभ्यास केला, तो इथे टाकते.

डिस्क हातात असेल तर आधी उलटी करा. कारखान्यात छापलेली डीव्हीडी खालून चांदीसारखी असते, बर्न केलेली बहुतेक जांभळट-निळसर. याला अपवाद आहेत, वॉर्नरने २००९ पासून आर्काइव्हमधले जुने सिनेमे ऑर्डर आली की बर्न करून विकले आणि ते पूर्ण कायदेशीर होते, पण तो अपवाद. मग मधल्या भोकाभोवतीच्या कड्यावर बारीक अक्षरात आयएफपीआय असं लिहून पुढे कोड असतो का बघा, मोबाइलच्या टॉर्चमध्ये तिरकं धरलं की दिसतो. तो कोणत्या कारखान्यात डिस्क बनली त्याचा असतो. चोरांनी कारखान्यातनंच छापून घेतलेल्या डिस्काही असतात, त्यामुळे कोड दिसला म्हणजे झालं असं नाही, पण नसला तर मी तरी हात लावत नाही.

आणि डिस्क हातात नसेल, ऑनलाइन मागवायची असेल तर माझी आवडती युक्ती, इंग्लंडची आवृत्ती शोधा. तिकडे १९८४ च्या व्हिडिओ रेकॉर्डिंग्ज कायद्यामुळे विकायच्या सिनेमाला बीबीएफसीचं, म्हणजे त्यांच्या सेन्सॉर बोर्डाचं सर्टिफिकेट लागतं, आणि बीबीएफसीच्या साइटवर सिनेमाचं नाव टाकलं की कोणत्या कंपनीने सादर केला ते दिसतं. मिनिटागणिक फी असते त्याची. चोरून विकणारा माणूस कशाला भरतोय फी. कव्हरवरच्या कंपनीचं नाव आणि साइटवरचं नाव जुळलं तर निम्मी चिंता मिटली, उरलेली निम्मी त्या कंपनीच्या स्वतःच्या दुकानात जाऊन मिटवायची, तिथे तो सिनेमा यादीत आहे का.

(बीबीएफसीचं नाव निघालंच आहे तर, जेम्स फर्मन नावाचे साहेब तिथे १९९९ पर्यंत प्रमुख होते आणि त्यांना नानचाकूचं (साखळीने जोडलेल्या दोन दांड्या) भारी वावडं. इंग्लंडमधल्या जुन्या आवृत्त्यांत नानचाकू दिसलं की कात्री. त्यामुळे तिकडच्या जुन्या व्हीएचएसवरनं कोणी कॉपी मारली असेल तर ब्रूस ली नानचाकू काढणार काढणार म्हणेपर्यंत समोरचा आडवा पडलेला असायचा.)

आता मूळ प्रश्न, असले सिनेमे कायदेशीर मिळत का नाहीत. शॉ ब्रदर्सचं बरं आहे, त्यांचा सगळा साठा, सातशे साठच्या आसपास सिनेमे, २००० मध्ये सेलेस्टियल पिक्चर्सने एकगठ्ठा घेतला आणि २००२ च्या शेवटापासून ते हाँगकाँगात डीव्हीडीवर यायला लागले. मालक एक, दार एक, कोणालाही ठोठावता येतं. म्हणून तर इंग्लंडच्या अ‍ॅरोने २०२१ मध्ये 'शॉस्कोप'चा पहिला सेट काढला, बारा सिनेमे, आणि मग पुढचे सेट काढतच गेले. गोल्डन हार्वेस्ट या हाँगकाँगच्या दुसऱ्या मोठ्या स्टुडिओच्या जुन्या साठ्याचंही तसंच, तो फॉर्च्यून स्टार या कंपनीकडे गेला. पण तैवानचे छोटे निर्माते म्हणजे आपल्याकडे गावात तमाशाचा फड बांधावा तसा प्रकार, सिनेमा काढायचा, देशोदेशीचे हक्क तुकड्या-तुकड्याने विकून मोकळं व्हायचं आणि आलेल्या पैशातनं पुढचा सिनेमा. निगेटिव्ह कुठेय, शेवटचा करार कोणाशी झाला होता, कोणालाच पत्ता नाही. मधल्या तीस-चाळीस वर्षांत जो ज्याला मिळाला तो त्याने छापला.

त्यामुळे युरेका या इंग्लंडच्या कंपनीने जोसेफ कुओचे आठ सिनेमे एका खोक्यात काढलेत, नाव 'सिनेमॅटिक व्हेंजन्स', हे मी वाचलं तेव्हा आधी विश्वासच बसला नाही. आठ! आणि त्यात पितळी माणसांचे दोन! किंमत तेव्हा चाळीस-पन्नास पौंडांच्या घरात होती. आपल्याकडे एके काळी मोझर बेअरची डीव्हीडी ३४ रुपयांना मिळायची, त्यावर वाढलेली माणसं आपण, एवढे पैसे म्हणजे छातीत धस्स होतंच. पण आधीच्या तीन नकली कॉप्यांचे, कुरियरचे आणि मनस्तापाचे पैसे धरले तर मी निम्म्याच्या पुढे आधीच उडवले होते.

मागवला मावसभावाकडे, तो लेस्टरला असतो. पोस्टाने इकडे मागवलं की कस्टमची ड्यूटी पडते आणि खोक्याचे कोपरे चेपतात, दोन्हीचा अनुभव घेऊन झालाय. त्याचा मेसेज, 'ताई हे काय मागवलंयस, कव्हरवर टकले लोक आहेत, माझ्या बायकोने विचारलं कोणाचं आहे.' दिवाळीत आला तेव्हा बॅगेत स्वेटरमध्ये गुंडाळून आणला त्याने, त्याबद्दल त्याला शंभर गुन्हे माफ.

आणि मग मी तो आमच्या प्लेअरमध्ये घातला आणि प्लेअरने सांगितलं की ही डिस्क इथे चालणार नाही.

हे नीट वाचा, कारण इथे माझी मीच गाढव ठरले. ब्लू-रेला तीन रीजन असतात, म्हणजे जगाचे तीन भाग पाडलेत आणि एका भागासाठीची डिस्क दुसऱ्या भागातल्या प्लेअरवर चालत नाही. ए म्हणजे अमेरिका, जपान, कोरिया, हाँगकाँग, तैवान वगैरे. बी म्हणजे युरोप, आफ्रिका, ऑस्ट्रेलिया. आणि सी मध्ये आपण, चीन आणि रशिया. कुंगफूची चांगली डिस्क काढणाऱ्या कंपन्या एकतर इंग्लंडात, युरेका, ८८ फिल्म्स, अ‍ॅरो, नाहीतर अमेरिकेत. सी मध्ये आपल्यासाठी कोणी काही काढत नाही. डीव्हीडीचं पण वेगळंच, तिथे आपण पाच नंबर, इंग्लंड दोन, हाँगकाँग तीन. फक्त फोर-के डिस्कला रीजन नाही, पण आठ पितळी-बितळी सिनेमे कोण फोर-के मध्ये काढतंय. युरेकाचा सेट रीजन बी. अक्षर खोक्याच्या मागे छापलेलं होतं, मी फक्त वाचलं नव्हतं.

लोक सांगतात मल्टीरीजन प्लेअर घ्या, महाग असतो. मी काय केलं, मावसभाऊ परत गेल्यावर त्यालाच सांगितलं की तिकडचा साधा, सेकंडहँड ब्लू-रे प्लेअर बघ. माझ्या सगळ्या डिस्का इंग्लंडच्याच असणारेत ना, मग इंग्लंडचाच साधा प्लेअर पुरे, तो बी पण चालवतो आणि तिकडची दोन नंबरची डीव्हीडी पण. वीज दोन्हीकडे २३० व्होल्ट, फक्त प्लग वेगळा, चौकोनी तीन पिनांचा, त्याला अडॅप्टर लावला. टीव्हीखाली आता दोन प्लेअर आहेत, एक भारतीय एक विलायती, आई म्हणते दोघांवर धूळ मात्र सारखीच बसते.

तर सेट. चार डिस्क, प्रत्येकीवर दोन सिनेमे.

चित्र. मी रडले वगैरे म्हणणार नाही, पण पहिली पाच मिनिटं बाबा आणि मी काही बोललोच नाही. तो बोळ लाल आहे हे आम्हाला माहीतच नव्हतं! केबलवर सगळं तपकिरी होतं. पडद्याची दोन्ही टोकं दिसतायत, पितळी माणूस खांबामागे वाट बघत उभा आहे ते आधीच दिसतं, म्हणजे दिग्दर्शकाने तो तिथे उभा केला होता आणि इतकी वर्षं आपल्याला तो दाखवलाच नव्हता. तोटा असा की आता रंग कुठे नीट लागला नाही तेही दिसतं, घाम आला की मानेवरनं सोनेरी ओघळ. मला तर त्यातच मजा आली. सगळे आठ सारखे स्वच्छ नाहीत, एखाद्या ठिकाणी मूळ फिल्मच थकलेली आहे हे कळतं, चरे, रंग उडालेला तुकडा, पण ते जे उरलंय ते जपून दाखवलंय असं वाटतं, कोणीतरी पावडर फासून गुळगुळीत केलेलं नाही.

सिनेमा म्हणून 'एटीन ब्रॉन्झमेन' अर्धा थोर आहे. शाओलिनमधला भाग, म्हणजे प्रशिक्षण आणि ती अठरा परीक्षांची रांग, केव्हाही लावा बघत बसाल. पोरगा बाहेर पडला की मग बापाच्या खुनाचा सूड वगैरे नेहमीचं, पॉली शांग-कुआन ही नटी येते म्हणून तग धरतो. हो, पोरगा बाहेर पडतो. बाबांनी टाळी वाजवली. दुसरा भाग, 'रिटर्न ऑफ', जास्त विचित्र आहे आणि मला जास्त आवडला, कारण त्यात बोळातनं जाणारा माणूस खलनायक आहे. कार्टर वाँग युंग चेंग झालाय, बापाचं मृत्युपत्र बदलून गादी बळकावलेला आणि मग शाओलिनची विद्या चोरायला वेश पालटून आलेला बादशहा. तो परीक्षेत पास व्हावा की नापास, कोणाच्या बाजूने ओरडायचं तेच कळत नाही.

पण खोक्यातलं खरं सोनं म्हणजे 'द सेव्हन ग्रँडमास्टर्स'. निवृत्तीला आलेला म्हातारा गुरू, कोणीतरी टोमणा मारतं की सात उस्तादांना हरवल्याशिवाय तू कसला श्रेष्ठ, म्हणून तो शिष्यांना घेऊन गावोगाव फिरतो आणि एकेकाशी लढतो, आणि मागे मागे एक येडं पोरगं येतं की मला शिष्य करा. संपली गोष्ट. बाकी सगळी मारामारी, प्रत्येक उस्तादाची तऱ्हा वेगळी. आपल्याकडच्या कुस्तीच्या फडासारखंच वाटतं, नवीन गाव, नवीन आखाडा, वस्तादाचे पाय धरणं, सगळं ओळखीचं. बाबा लहानपणी गावच्या तालमीत जायचे त्यामुळे ते मधेच 'आता पट काढेल बघ' असं ओरडत होते. मारामाऱ्या बसवणाऱ्यांत कोरी युएन आहे, आणि गंमत म्हणजे त्याच खोक्यातल्या 'द ओल्ड मास्टर'मध्ये त्याचे गुरू यू जिम-युएन स्वतः हीरो आहेत! हेच ते हाँगकाँगच्या ऑपेरा शाळेचे गुरुजी ज्यांच्या हाताखाली सामो हंग, जॅकी चॅन, युएन बियाओ तयार झाले. ते म्हातारपणी लॉस एंजेलिसमध्ये मारामारी करतायत, १९७९ साल, बेलबॉटम, डिस्को. सिनेमा टुकार आहे. उडी मारायची वेळ आली की गुरुजींच्या जागी डुप्लिकेट येतो हे शेंबडं पोर पण सांगेल. पण ज्या माणसाच्या छडीच्या गोष्टी आपण इतक्या ऐकल्या त्याला चालताबोलता बघायला मिळतं, आणि हा सिनेमा एकटा काढला असता तर किती लोकांनी घेतला असता, खोक्यात आहे म्हणूनच आला असेल.

'वर्ल्ड ऑफ ड्रंकन मास्टर' चांगला आहे, दारूच्या घड्यांशी खेळत केलेल्या कसरती बघाच. युएन सिउ-तिएन हे जुने नट त्यात अगदी थोडा वेळ दिसतात, ते १९७९ च्या जानेवारीतच गेले, त्यामुळे बघताना जरा कसंसंच होतं. 'शाओलिन कुंग फू' म्हणजे रिक्षावाल्यांची भांडणं, हातरिक्षावाले, खरंच, आमच्या स्टेशनबाहेरच्या स्टँडची आठवण झाली. 'शाओलिन किड्स'मध्ये दरबारी कारस्थान आहे, मी झोपले. 'थर्टीसिक्स डेडली स्टाइल्स'ची गोष्ट मला दोनदा बघूनही सांगता येणार नाही, कोण कोणाचा भाऊ, कोणाचा सूड कोण घेतंय, एका खलनायकाचा विग बघून तर बाबा म्हणाले चॅनेल बदल.

मँडरिन आवाज आणि इंग्लिश डब, यावरनं आमच्या घरात रीतसर भांडण झालं. मला वाटायचं मूळ भाषेत बघावं, सबटायटल चांगली दिलीयत, पूर्ण वाक्यं, टोकं न कापलेली. बाबांचं म्हणणं आपण केबलवर जो आवाज ऐकला तोच खरा. त्यांना सबटायटल वाचता वाचता लाथ चुकते. शेवटी बाबांबरोबर डब, एकटीने मँडरिन. कॉमेंटरी पण आहेत, म्हणजे सिनेमा चालू असताना जाणकार त्यावर बोलतात, फ्रँक जेंग असतो, दुसऱ्या काहींवर माइक लीडर आणि आर्न व्हेनेमा ही जोडी. जेंगचं ऐका, माणूस न थांबता बोलतो, मागे उभा असलेला वेटर पुढे कोण झाला हे पण त्याला माहीत असतं. लीडरची जोडी म्हणजे कट्ट्यावर बसून दोन मित्र, विषय सोडून भरकटतात, पण ती पण मजा. खोक्यात पुस्तकही आहे, ते अजून पूर्ण वाचलेलं नाही.

तक्रारी म्हणाल तर दोन. डिस्क काढायच्या कप्प्याची पकड इतकी घट्ट की पहिल्यांदा काढताना वाकून मोडते की काय वाटलं. आणि दुसरी, मर्यादित आवृत्ती हा प्रकार. मर्यादित म्हटलं की आधी लोक धावून घेतात, मग संपतं, मग तोच खोका कोणीतरी तिप्पट भावाने विकायला काढतो, आणि ज्याला खरंच बघायचाय तो परत त्या जांभळ्या डिस्ककडे जातो. हवा असेल तर आधी कंपनीकडेच साधी आवृत्ती आहे का बघा, पुस्तक आणि बाहेरचा खोका नसला तरी डिस्क तीच ना.

दोघा-तिघांनी आत्तापर्यंत विचारलंय की उसना देतेस का, किंवा पेनड्राइव्हवर टाकून देतेस का. नाही. घरी या, रविवारी दुपारी, बाबा असतातच, डब चालेल असं सांगून या म्हणजे झालं. मावसभाऊ आता मे महिन्यात येतोय आणि त्याला मी नवीन यादी पाठवलीय, त्याने अजून उत्तर दिलेलं नाही, फक्त निळ्या टिका दिसतायत.